गाडीत पाच-तीन-दोन

एडिसन, न्यू जर्सी

चि. अर्णव यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडला नाहीस, पण "रविवारी येणार ना?" हे तीनदा विचारलंस. आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी अंगणात गेलो.

तुला उन्हाळी कॅम्पवर सोडायला आलो तेव्हा फाटकावर 'मेथडिस्ट' वाचून तू म्हणालास, चर्चचा आणि पोहण्याचा काय संबंध? सांगायचं राहिलंच. मेथडिस्ट हा ख्रिश्चनांचा एक पंथ, आणि या मंडळींचं तंबूशी नातं जुनं. उन्हाळ्यात बिऱ्हाडासकट तंबूत राहायचं आणि प्रवचनं ऐकायची. आपण पाहिलेलं त्यांचं तंबूंचं गाव, ओशन ग्रोव्ह, १८६९पासूनचं. तिथले तंबू बघून तुला मंडपवाला आठवला होता. आजोबांना वारीतल्या राहुट्या आठवल्या असत्या.

मुलांचे कॅम्प नंतरचे. वायएमसीए या ख्रिश्चन तरुणांच्या संघटनेच्या एका कार्यकर्त्याने १८८५मध्ये सात मुलांना न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज लेकवर नेलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चवालेही त्या वाटेने निघाले. मोठ्यांना धास्ती होती: शहरात पोरं मऊ पडतील, मिसरूड फुटलं की संडे स्कूल सोडतील. म्हणून सकाळी बिगुल, गार पाण्यात बुडी, बायबल, खेळ, रात्री शेकोटी. पत्त्यांचं तर नावच नको. मेथडिस्टांच्या नियमावलीत १८७२मध्ये पत्ते, नाच आणि नाटक यांवर नाव घेऊन बंदी आली होती. (तुझ्या बॅगेच्या तळाशी दिसलेला जोड मी काढला नाही.)

एक गोष्ट मात्र खुपते. त्या काळी कॅम्पांत गोरी मुलं पिसं खोचून 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतले आदिवासी, व्हायची. आणि त्याच वर्षांत, तू आहेस त्याच पेनसिल्व्हेनियात, कार्लाइलच्या शाळेत खऱ्या आदिवासी मुलांचे केस कापून त्यांची भाषा तोडली जात होती. शेकोटीपाशी कुणी असला खेळ काढलाच, तर काय करायचं ते तू ठरव.

धास्ती म्हटलं ना, ती मलाही होती. 'निसर्ग कळावा म्हणून पाठवलं' असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तू खोलीचं दार लावून बसायचास, मी ओरडायचो, आणि पुढे काय करावं मला सुचत नव्हतं. मग पैसे भरून टाकले.

रविवारी अकराला पोचतो. आईने चकल्या केल्यात. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे, तर गाडीतच बसू. तो जोड घेऊन ये. पाच-तीन-दोनला तिघं पुरतात.

तुझा,
बाबा