स्लॅब ओतण्याआधी कंत्राटदाराला टेबलावर घ्या

महोदय,

सरकारी परवडणाऱ्या घरांत पहिल्याच पावसाळ्यानंतर न्हाणीघराखालचे छत ओले होते आणि खापर गवंड्यावर फुटते. बऱ्याचदा या गळतीचे मूळ निविदेच्या पद्धतीत असते, त्याबद्दल हे पत्र.

आपल्याकडे आधी नकाशे, मग अंदाजपत्रक, मग निविदा, आणि सर्वांत ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी, दर भरणाऱ्याला काम. १५-२० टक्के बिलो गेलेला कंत्राटदार कार्यादेश हाती पडल्यापासून जादा पैसे मागता येतील अशा वाढीव बाबी शोधू लागतो. अभियंता पत्रांवर पत्रे लिहून स्वतःची बाजू राखतो.

मिव्हान शटरिंगच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांच्या) कामात हे सर्वांत महाग पडते. भिंती आणि स्लॅब एकत्र ओतले जातात, त्यामुळे विजेचे पाइप, बॉक्स, सांडपाण्याच्या पाइपांसाठीच्या स्लीव्ह (पोकळ नळ्या) सगळे काँक्रीटआधी जागेवर हवे. पॅनल त्या इमारतीच्या मापानेच कारखान्यात बनतात. नंतर खिडकी सहा इंच सरकवायची म्हटली तरी पॅनल नवे. प्लंबिंगचा नकाशा उशिरा आला की तयार स्लॅबला कोअर कटिंग होते, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडले जाते, सळई कापली जाते, पाइपाभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटऐवजी साध्या सिमेंटने बुजवली जाते. पाणी तिथूनच उतरते. शटरिंग मागवण्याआधी कंत्राटदार, वास्तुविशारद, प्लंबिंगवाला आणि पालिकेचा अभियंता एका टेबलावर बसले असते, एक नमुना सदनिका बांधून तिच्या बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवून पाहिले असते, तर हे टळले असते.

ब्रिटनमध्ये बांधकाम उद्योगावरच्या लॅथम (१९९४) आणि ईगन (१९९८) यांच्या अहवालांनंतर सामाजिक गृहनिर्माणात हीच पद्धत, ‘पार्टनरिंग’, आली. २००० साली आलेल्या ‘पीपीसी २०००’ या करारनाम्यावर मालक, कंत्राटदार आणि सल्लागार अशा सर्वांच्या सह्या असतात. सर्वांचा एक छोटा गट नियमित भेटतो आणि अडचण दिसताच ती कळवण्याचे बंधन प्रत्येकावर असते. (आपल्याकडची पीपीपी, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी, ती ही नव्हे. तिथे जमीन आणि विक्रीच्या नफ्याचा प्रश्न असतो, इथे बांधकामाचा.)

पैशाचा भाग असा चालवता येतो : कंत्राटदाराला आधी गुणवत्तेवर निवडायचे, त्याच्यासोबत नकाशे पक्के करायचे, मग लक्ष्य किंमत ठरवायची. समजा ती १०० कोटी ठरली आणि काम ९६ कोटींत झाले, तर ४ कोटींची बचत निम्मी-निम्मी. १०४ कोटी लागले तर तोटाही तसाच वाटायचा. यासाठी स्टील-सिमेंटची बिले मालकाला खुली हवीत. जलरोधन, सळईवरचे काँक्रीटचे कव्हर आणि काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या क्यूब चाचण्या यांत केलेली काटकसर मात्र बचत म्हणून धरायची नाही, हे करारातच लिहिलेले असावे. नाहीतर दोघे मिळून घर पातळ करतील.

नियम आड येतात, हे अर्धेच खरे आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार बांधकामाच्या निविदेतही गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येते. त्याच सूचनांनुसार चालू कामाच्या बिलाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामाच्या दिवसांत द्यायची असते. त्या केंद्राच्या खात्यांसाठी आहेत; राज्याने आपल्या गृहनिर्माण यंत्रणांना त्या लागू कराव्यात. बिल अडकले की मजूर दुसऱ्या साइटवर जातात, सात दिवसांचा स्लॅब वीस दिवसांवर जातो आणि भाड्याच्या शटरिंगचा मीटर चालूच राहतो. असे चालणार असेल तर कोणताही करार कागदावरच राहील.

पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने दोन-तीनशे सदनिकांचा एक प्रकल्प या पद्धतीने करून पाहावा. गळतीच्या तक्रारी आणि कोअर कटिंगची संख्या इमारतवार नोंदवून शेजारच्या बिलोच्या कामाशी ताडून जाहीर करावी.

— एक स्थापत्य अभियंता, नाशिक