ग्राहक तितक्या प्रती

महोदय,

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत एक पद्धत इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही : नवा ग्राहक आला, की जुन्या ग्राहकाच्या कोडची प्रत काढायची आणि तिच्यात हवे ते बदल करून द्यायचे. पहिल्या दोन-तीन ग्राहकांपर्यंत हे स्वस्त पडते. पुढे मात्र जितक्या प्रती, तितक्या वेळा तीच दुरुस्ती करावी लागते. मी जिथे काम करतो तिथे एकाच बिलिंग प्रणालीच्या १४ प्रती आहेत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हा काही प्रतींत दर मास्टरमध्ये (म्हणजे सहज बदलता येणाऱ्या वेगळ्या तक्त्यात) तर काहींत थेट कोडमध्येच लिहिलेले निघाले, आणि ऐन घटस्थापनेला आमची निम्मी मंडळी कार्यालयात बसून होती.

यावरचा उपाय नवा नाही. एकमेकांशी नाते असलेल्या प्रोग्रॅमचा कुटुंब म्हणून विचार करावा, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७६ मध्येच मांडले होते. 'सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन' ही पद्धत त्याच विचारावर उभी आहे : सामायिक गाभा एकदाच सांभाळायचा आणि ग्राहकागणिक काय वेगळे असू शकते, त्याच्या जागा आधीच ठरवून ठेवायच्या. कमिन्स या अमेरिकी इंजिन कंपनीने १९९४ च्या सुमारास चालू प्रकल्प थांबवून हा मार्ग धरला आणि वर्षभर चालणारी सॉफ्टवेअरची जुळवणी काही दिवसांवर आणली.

नेमके हेच उदाहरण ऐकून आमच्याकडच्या मालकांची छाती दडपते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. दर महिन्याच्या पगाराची चिंता असलेली ४० माणसांची कंपनी काम थांबवणार कशी? परंतु आधी सगळा पाया रचण्याखेरीज आणखी दोन वाटा आहेत, हे प्रॉडक्ट लाइन पद्धतीचे अभ्यासक चार्ल्स क्रूगर यांनी दाखवून दिले आहे : हाताशी असलेल्या उत्पादनांतून सामायिक भाग वेगळा काढणे, किंवा मागणी येईल तसतसा गाभा वाढवत नेणे.

आम्ही त्या नवरात्रानंतर फक्त करआकारणीचा भाग बाहेर काढला. आज पाच ग्राहकांकडे तो एकच भाग चालतो. उरलेल्यांकडे देखभाल कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी तो बसवला जाईल. तांत्रिक अडचणी आल्या, पण त्या सुटल्या. सुटत नाहीत त्या हिशेबाच्या. गाभ्यावर काम करणाऱ्या दोघींचे तास कोणत्याच ग्राहकाच्या बिलात बसत नाहीत, त्यामुळे मासिक आढाव्यात त्या रिकाम्या दिसतात. आणि 'तुमच्यासाठी वेगळे करून देऊ' असा शब्द विक्री विभाग देऊन येतो, तेव्हा पंधराव्या प्रतीचा नारळ फुटलेला असतो. कंपनीचालकांनी गाभ्याचा खर्च सर्व ग्राहकांच्या देखभाल शुल्कात विभागून धरावा, आणि वेगळेपणाची कोणतीही मागणी स्वीकारण्यापूर्वी ती गाभ्यात बसते का, हे सांगण्याचा अधिकार त्या दोघींसारख्यांना लेखी द्यावा.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता, ऐरोली, नवी मुंबई