पावसाळ्यापूर्वी कीपॅड माइकच्या टोनची पातळी तपासावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की नागपुरातील आपत्कालीन सज्जतेच्या बातम्यांत वायरलेस संच, बॅटऱ्या आणि अँटेना यांचा उल्लेख येतो. मात्र संचाला जोडलेल्या कीपॅड माइकच्या, म्हणजे अंकांच्या कळा असलेल्या मायक्रोफोनच्या, टोनची पातळी तपासली आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तशा वेळी रिपीटरला (संकेत घेऊन तो पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्राला) दिलेला अंकी संकेत पहिल्याच प्रयत्नात ओळखला गेला पाहिजे.

कीपॅडची प्रत्येक कळ एकाच वेळी दोन टोन पाठवते. त्यांपैकी एक ६९७ ते ९४१ हर्ट्झच्या खालच्या गटातला आणि दुसरा १२०९ ते १६३३ हर्ट्झच्या वरच्या गटातला असतो, आणि दोन्ही स्वच्छ असून त्यांच्या पातळीत फार तफावत नसेल तरच पलीकडचा डिकोडर (टोनवरून अंक ओळखणारे मंडल) तो अंक स्वीकारतो. एफएम ट्रान्समीटर वरच्या कंप्रता मुळातच अधिक उचलून पाठवतो. त्यात माइकमधील प्रीसेट (टोनची पातळी लावण्याची छोटी फिरकी) पुढे फिरवला, तर पातळी मर्यादेत ठेवणारा लिमिटर संकेत छाटू लागतो, खालचा टोन दबतो आणि मुळात नसलेल्या कंप्रता त्यात मिसळतात. परिणामी कानाला अगदी खणखणीत वाटणारा अंक डिकोडर नाकारतो. आवाज मोठा म्हणजे संकेत पक्का, ही समजूत दुरुस्तीच्या टेबलावरही दिसते, याचे मला फार वाईट वाटते. अर्थात पातळी फारच कमी ठेवली, तर दुबळ्या संकेतात टोन खरखरीमध्ये बुडतो.

डेव्हिएशन म्हणजे आवाजामुळे वाहक लहरीची कंप्रता मूळ जागेपासून जितकी सरकते ते अंतर. कमाल पाच किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या संचात टोनचे डेव्हिएशन तीन किलोहर्ट्झच्या आसपास ठेवणे सुरक्षित असते, तर अरुंद चॅनेलवर ते साधारण निम्मे असावे. आधी बोलण्याची पातळी लावून घ्यावी, मग डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा भार) जोडून, कमी शक्तीवर, डेव्हिएशन मीटरकडे पाहत प्रीसेट हळूहळू फिरवावा. ३, ६ आणि ९ हेच अंक अडत असतील, तर त्यांचा सामायिक १४७७ हर्ट्झचा टोन तपासावा; ७, ८ आणि ९ अडत असतील, तर ८५२ हर्ट्झचा. काही रिपीटरांत डिकोडरला रिसीव्हरचा संकेत डी-एम्फसिस (उचललेल्या वरच्या कंप्रता पुन्हा खाली आणणे) होण्याआधीच दिलेला असतो आणि तेथे वरचा गट जोरकसच राहतो, म्हणून टेबलावर बरोबर ठरलेला माइकही प्रत्यक्ष रिपीटरवर तपासल्याशिवाय समाधान मानू नये.

सज्जतेच्या सरावात ‘आवाज येतो का’ एवढे विचारून संच बाजूला ठेवला जातो. त्याऐवजी प्रत्येक माइकची प्रत्येक कळ दाबून डिकोडरने कोणता अंक वाचला याची नोंद ठेवावी आणि शहरातील ज्या परवानाधारक हौशी रेडिओचालकांकडे डेव्हिएशन मीटर आहे, त्यांनी तो या कामासाठी उपलब्ध करून द्यावा, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक,
धरमपेठ, नागपूर