निळा स्वेटर उसवलाय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर आई "असू दे गं" म्हणते आणि मग दोन दिवस घरात बोलत नाही, हे बाबाच मला हळूच कळवतात. म्हणून लिहितेय. दिवाळीत तुमच्या लोखंडी पेटीतून मी बाबांचा तो अर्धवट राहिलेला निळा स्वेटर न विचारता बॅगेत टाकला होता. पंधरवड्यापूर्वी रविवारी मी तो उसवला. सगळा. पाठ, दोन्ही बाह्या आणि गळ्यापर्यंत आलेला पुढचा भागसुद्धा.

आई, चष्मा काढून ठेवू नकोस, पुढे वाच. वेणीच्या नक्षीच्या मधोमध वीसेक ओळी खाली टाका निसटला होता. तिथे तू लावलेली सेफ्टी पिन गंजली होती आणि तिचा तांबडा डाग लोकरीत उतरला होता. तू म्हणशील, तेवढ्यासाठी अख्खा स्वेटर? क्रोशाच्या सुईने टाका जिन्यासारखा वर चढवून घ्यायचा असतो, हे तूच मला शिकवलंस. खरंय. जमलंही असतं. पण तो स्वेटर 42 च्या छातीचा होता. त्या जूनबद्दल मी काही लिहीत नाही. बाबा आता छान दिसतात, वजन उतरलं ते डॉक्टरांनाही हवंच होतं. पण तो विणून पूर्ण झाला असता तरी बाबांना दोन खांद्यांवर टांगल्यासारखा झाला असता, आणि ते तुला बघवलं नसतं. तू मोतीबिंदूचं कारण पुढे केलंस, आम्ही माना डोलावल्या. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पंचांगातली बारीक अक्षरंही तू वाचतेस, तरी पेटी काही उघडली नाहीस.

मी तरी कुठे वेगळी आहे म्हणा. आठ महिने सुईला हात लावला नव्हता. मनीच्या गुलाबी स्वेटरची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती. नमुना इंटरनेटवरचा, अमेरिकेतला. त्यात लिहिलं होतं 8 नंबरची सुई. मी तुझी 8 नंबरची घेतली आणि 54 टाके घातले. पाठ 30 सेंटीमीटर व्हायला हवी होती, भरली साडेचोवीस. उसवलं, परत विणलं, परत तेवढीच. मला वाटलं माझा हातच घट्ट. मग कळलं की आपल्याकडचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. तुझी 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, त्यांची 8 नंबर म्हणजे 5. त्यांच्या सुईवर दहा सेंटीमीटरला 18 टाके येतात, माझे येत होते 22. आधी तळहाताएवढा तुकडा विणून मोजला असता तर महिना वाचला असता. "नमुना विणून बघ" असं तू बोंबलून सांगायचीस आणि मी ऐकायची नाही. तिसऱ्यांदा उसवल्यावर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि माळ्यावर टाकलं. नंतर लोकर दिसली तरी चिडचिड व्हायची.

मग तो रविवार. तुझ्या स्वेटरचा धागा ओढला आणि ओळी कुरकुर करत सुटायला लागल्या. डांबरगोळ्यांचा वास. डाव्या बाहीत एका टाक्यात तुझा केस विणला गेला होता, टोकाला मेंदीचा लाल, मुळाशी पांढरा. मी तिथे थांबले. नंतरचं हळूहळू उसवलं. तू ओळ बदलताना पहिला टाका न विणता नुसता उचलतेस ना, म्हणून तुझ्या कडा इतक्या सुबक येतात. हे मी आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूने पाहिलं. लोकर शेवयांसारखी वळलेली होती. खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगली. सकाळी सरळ झालेली. डाग पडला होता तेवढा धागा कापून टाकला. 430 ग्रॅम भरली.

त्याच रात्री माळ्यावरची पिशवी काढली. त्या गुलाबी लोकरीचे तीस टाके घातले आणि नुसत्या सुलट ओळी विणत बसले. ना वेणी, ना जाळी, ना मोजणं. मनीचा मफलर नऊ दिवसांत झाला. कडा वाकड्या आहेत. ती तो शाळेत घालून जाते.

तर आता ऐका. पार्सल निघालंय. त्यात मोतिया रंगाची जाड लोकर आहे, दोन गुंडे, आणि बांबूच्या 5 मिलिमीटरच्या सुया, मधे तार असलेल्या. विणलेलं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. निळा-काळा रंग तू सध्या हातात घ्यायचा नाहीस, त्यात टाका दिसत नाही, बारकी पोरंही चुकतात. फक्त कानटोपी. सगळी सुलट. चुकली तर चुकू दे. सकाळी गॅलरीत ऊन येतं तेव्हा बसायचं, दुपारी देवघरापाशी अंधारात नाही. अर्ध्या तासाने उठायचं. आणि डोळ्यांचे थेंब चुकवायचे नाहीत, विणण्याच्या नादात तर मुळीच नाहीत.

बाबा, लडी तुम्ही धरायची. प्रेसमधून पहिली पाळी करून आलात की लडी धरून माझे हात दुखलेले बघून तुम्ही न सांगता समोर येऊन बसायचात, दोन्ही हात पुढे करून, आणि रेडिओच्या तालावर लडी हलवायचात. आई ओरडायची, गुंता होतो म्हणून. मला तो गुंता फार आवडायचा. निफाडचा पारा पेपरात वाचून आम्हाला फोन करता, तसा आता जेल रोडवर फिरायला जाताना कानही झाका. टोपी होईपर्यंत माझा जुना मफलर आहे कपाटात.

निळी लोकर माझ्याकडेच आहे, कुठे जात नाही. त्याचा बिनबाह्यांचा स्वेटर मी विणतेय, पण गळा तूच करायचा, मला गोल गळा अजून जमत नाही. आधी तुकडा विणून मोजलाय, शपथ. फक्त बाबांची छाती मोजून पाठव, शर्टावरून. टेप बिस्किटाच्या डब्यात, बटणांखाली आहे. बाबा, श्वास रोखून धरू नका, नेहमीसारखे उभे राहा.

तुमची,
चिमी