बाबांच्या पेन्शनसाठी धावून आलेल्या सगळ्यांना थँक्यू

बाबा सेंट्रल गव्हर्नमेंटचे पेन्शनर, सध्या ताईकडे मेलबर्नला, आणि नोव्हेंबरचं हयातीचं सर्टिफिकेट डोक्यावर. आधारवाला मोबाईल रोमिंगवर चालेना म्हणून ऑनलाइन सर्टिफिकेटसाठीचा ओटीपी येईना, त्यात पासपोर्टही संपत आलेला. इकडे नागपुरात मला काही सुचतच नव्हतं बाप्पा.

प्रतापनगरच्या त्या रिटायर्ड काकांचे आधी आभार. त्यांनीच सांगितलं की माणूस परदेशात असला तर तिथल्या भारतीय कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याची, नोटरीची नाहीतर बँकरची सही असलेला दाखला इथं बँकेत दिला तरी चालतो, स्वतः यायची गरज नाही, आणि ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बाबा ८१ चे, म्हणजे महिनाभर जास्त मिळाला ना!

मग सीताबर्डीच्या बँकेतल्या मॅडम. काउंटरवर ही गर्दी, तरी त्यांनी कुरिअरनं आलेला दाखला उघडून पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवून पाहिला, आणि न मागता पोच शिक्का मारून दिली. असं कोण करतं हो आजकाल?

आणि मेलबर्नमधली ती आपली वऱ्हाडी पोरगी, ओळख ना पाळख, बाबांना गाडीतून कॉन्सुलेटला नेलं. नवा पासपोर्ट आल्यावर नंबर तिथल्या इमिग्रेशनला ऑनलाइन कळवायचा, व्हिसा जुन्याच नंबरला जोडलेला असतो, हेही तिनंच लक्षात आणून दिलं, नाहीतर पुन्हा ऑस्ट्रेलियाला जाताना चेक-इनलाच अडकले असते.

काका, पुढच्या वर्षीही तुम्हालाच फोन करीन, आत्ताच सांगून ठेवतो.