बाटली बदलून रक्त वाढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की दप्तर-वह्यांच्या जाहिरातींबरोबर उंची, बुद्धी आणि 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पावडरी, सिरप आणि गमी (चघळायच्या गोड गोळ्या) यांच्याही जाहिराती सुरू होतात. बालरोग आणि बालआहार या क्षेत्रांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना त्याबद्दल लिहावंसं वाटलं. लहान मुलांना जेवणाखेरीज वरून द्यावी लागणारी पोषकद्रव्यं मोजकी आहेत. त्यांची वयं आणि मात्रा ठरलेल्या आहेत आणि बरीचशी अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. कपाटात टॉनिकच्या चार बाटल्या असतात आणि नेमकी हीच द्यायची राहून जातात.

सगळ्यात मोठी अडचण लोहाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयोगटातल्या जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला. यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे गूळ आणि बीट. आता हिशेब बघा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मि.ग्रॅ. लोह लागतं. १०० ग्रॅम गुळात ते साधारण साडेचार मि.ग्रॅ. असतं, म्हणजे गुळावरच भागवायचं तर रोज पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास गूळ खायला घालावा लागेल. बीटमध्ये तर १०० ग्रॅमला एक मि.ग्रॅ.ही नसतं, त्याचा लाल रंग लोहाचा नव्हे. अळिवाची कीर्तीही जुन्या कोष्टकांमुळे फुगलेली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकात १०० ग्रॅम अळिवात १७ मि.ग्रॅ.च्या आसपास लोह दिलं आहे, म्हणजे चमचाभर अळिवात जेमतेम एक मि.ग्रॅ. येतं. लाडू खुशाल द्यावा, पण औषध म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

लोह खरं मिळतं ते मटकी, मसूर, कुळीथ यांतून (१०० ग्रॅमला ७ ते ९ मि.ग्रॅ.) आणि बाजरीतून (सहाच्या वर). पाच वर्षांच्या मुलाची गरज ११ मि.ग्रॅ. असते. पन्नास ग्रॅम पिठाची बाजरीची भाकरी आणि तीस ग्रॅम मटकीची उसळ खाल्ली की त्यातली निम्मी भरते. मात्र शाकाहारी जेवणातलं लोह शरीर फार थोडं उचलतं, म्हणून ते कशाबरोबर पोटात जातं यालाही महत्त्व आहे. मोड आणल्याने लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. लिंबू पानात वरून पिळावं, उकळत्या आमटीत नव्हे. उष्णतेने क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. लोखंडी कढईत आमसुलाची किंवा चिंचेची आमटी केली तर भांड्यातलं लोह पदार्थात उतरतं. आमटी काळपट झाली तरी बिघडत नाही, फक्त शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी. घरात मांसाहार चालत असेल तर कलेजी आणि मटणातलं लोह शरीर जास्त सहज उचलतं.

याच्या उलट परिणाम करणाऱ्या दोन सवयी आपल्याकडे सर्रास दिसतात. एक म्हणजे सकाळची चहा-चपाती किंवा चहा-खारी. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं, त्यामुळे लहान मुलाला चहा मुळातच नको. दुसरी सवय दुधाची आहे. दोन-तीन वर्षांचं मूल दिवसाला लिटरभर दूध बाटलीने पितं, जेवायला बसलं की तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात, 'निदान दूध तरी पितंय ना!' दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही आणि पोट भरलेलं असल्यामुळे भाकरी-उसळीला जागाच उरत नाही. असं मूल गुटगुटीत असतं, पण पांढरंफटक दिसतं. वर्षानंतर दिवसाला चारशे-पाचशे मि.ली. दूध पुरे, तेही पेल्याने आणि जेवणानंतर.

तरीही नुसत्या जेवणावर भागत नाही, म्हणून ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात लोह दिलं जातं. सहा महिने ते पाच वर्षं वयात आठवड्यातून दोनदा १ मि.ली. सिरप (२० मि.ग्रॅ. लोह, १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड). पाच ते नऊ वर्षांत आठवड्याला एक गुलाबी गोळी (४५ मि.ग्रॅ.), दहा ते एकोणीस वर्षांत एक निळी गोळी (६० मि.ग्रॅ.). देताना चुका ठरलेल्या असतात. बाटली न हलवता दिली जाते. चहाच्या चमच्याने अंदाजे ओतली जाते. तो चमचा ५ मि.ली.चा, म्हणजे पाचपट मात्रा. दुधात मिसळली जाते, मग लोहही शोषलं जात नाही आणि चव बदलल्याने दूधही उरतं. उपाशीपोटी दिल्याने उलटी होते. शी काळी झाली की घाबरून बंद केली जाते. काळी शी हे लोह पोटात गेल्याचं लक्षण आहे, त्याने काही बिघडत नाही. जेवणानंतर, ठरलेल्या दोन वारी, बाटलीच्या १ मि.ली.च्या डिस्पेन्सरने किंवा खुणा असलेल्या सिरिंजने गालाच्या आत सोडावं आणि वर पाणी पाजावं, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. सडकून ताप असेल किंवा मूल तीव्र कुपोषित असेल तर आधी उपचार, लोह नंतर.

ही मात्रा प्रतिबंधाची आहे, उपचाराची नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तर दर किलो वजनाला रोज ३ मि.ग्रॅ. या हिशेबाने लोह दिलं जातं, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ३० मि.ग्रॅ. इथे लेबल नीट वाचावं लागतं. २०० मि.ग्रॅ. फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६० मि.ग्रॅ. असतं. क्षाराचं (अख्ख्या फेरस सल्फेटचं) वजन आणि 'एलिमेंटल आयर्न' म्हणजे त्यातलं प्रत्यक्ष लोह हे दोन वेगळे आकडे आहेत, मात्रा दुसऱ्यावरून मोजायची. महिन्याभरात हिमोग्लोबिन एका ग्रॅमने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर ब्रँड बदलून उपयोग नसतो. औषध खरोखर पोटात जातंय का, सोबत दूध-चहा सुरू आहे का, जंत, बी-१२ची कमतरता किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वाहकत्व तर नाही, हे बघावं लागतं. हिमोग्लोबिन सुधारलं की लगेच औषध थांबवू नये; शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. विदर्भ, नंदुरबार, पालघर या पट्ट्यांत सिकलसेलची मुलं आहेत. त्यांना आणि वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नये.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. सरकारी सिरपच्या ५० मि.ली.च्या भरलेल्या बाटलीत १००० मि.ग्रॅ. लोह असतं. दहा किलोच्या मुलाने ती गोड म्हणून संपवली तर किलोमागे १०० मि.ग्रॅ. झालं, आणि किलोमागे ६०च्या वर लोह जिवावर बेतू शकतं. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं वाटतं आणि त्यानंतर कोसळतं. तेव्हा उलट्या थांबल्या म्हणून घरी थांबू नका. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, बाटली बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. एरवी बाटली कुलपात असावी.

दुसरं ड जीवनसत्त्व. आईच्या दुधात ते पुरेसं नसतं, म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांपासून वर्षभर रोज ४०० आययूचे (आययू हे जीवनसत्त्व मोजायचं एकक) थेंब द्यावेत. कोवळ्या उन्हात बाळाला शेकण्याची पद्धत छान आहे, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण साधारण सकाळी दहानंतर मिळतात आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. त्यामुळे थेंबांना पर्याय नाही. घोळ होतो तो तीव्रतेचा. बाजारात मि.ली.ला ४०० आणि ८०० आययू अशी दोन्ही औषधं आहेत. दुकानदाराने एकाऐवजी दुसरं दिलं की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या काही बाटल्यांत तर एका थेंबातच ४०० आययू असतात. तिथे सवयीने पूर्ण ड्रॉपर दिला तर काही दिवसांतच धोका उभा राहतो. मोठ्यांसाठी आणलेलं ६०,००० आययूचं सॅशे 'हाडं मजबूत होतील' म्हणून मुलाला देणं तर फारच वाईट. जास्तीचं ड जीवनसत्त्व लघवीतून निघून जात नाही, अंगात साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि शेवटी मूत्रपिंडात कॅल्शियम जमणं.

अ जीवनसत्त्वाचं वेळापत्रक सोपं आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लशीबरोबर १ लाख आययू, पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ मात्रा. प्रत्येक मात्रा कार्डावर लिहून घ्या, म्हणजे शिबिरात चुकून दुसऱ्यांदा दिली जाणार नाही. जुलाब झाले तर ओआरएसबरोबर झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मि.ग्रॅ. आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, पूर्ण चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या तशाच पडून राहतात, आणि पुढचे जुलाब टाळण्याचा फायदा हातचा जातो. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२कडे लक्ष हवं, विशेषतः आईला कमतरता असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल तर. बाळ सुस्त होतं, शिकलेलं विसरतं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, हात कापू लागतात. अशा वेळी लोहाचं सिरप वाढवून काही होत नाही, आई आणि बाळ दोघांवर उपचार लागतात. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून किंवा स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीतून बी-१२ भरून निघतं हा गैरसमज आहे.

एवढं सोडलं तर बाकीचं काम ताटाने करायचं, आणि त्यात सहा महिन्यांनंतरचं वर्षभर सगळ्यात नाजूक असतं. या वयात वरणाचं पाणी आणि भाताची पेज हेच 'पचायला हलकं' म्हणून चालतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर वाटीभर मावतं. ती वाटी पाण्याने भरली तर कॅलरी येणार कुठून? खिचडी चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी घट्ट हवी. तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, वर चहाचा चमचाभर तूप किंवा तेल. त्या एका चमच्याने ४५ कॅलरी वाढतात. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा आणि मध्ये एखादं खाणं. शेंगदाण्याचा कूट द्या, अख्खे दाणे नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आत मध चाटवू नका. नाचणी उत्तमच, पण ती मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली असावी. भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेलं पांढरं सत्त्व दिसायला सुरेख असलं तरी बहुतांशी स्टार्च असतं. कॅल्शियमचा मोठा भाग गाळलेल्या सालीबरोबर जातो.

रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून वेचून टाकले जातात. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. वेचू नयेत, आणि भात मोजक्या पाण्यात शिजवावा.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पेलाभर दूध, दोन पोळ्या आणि तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण एवढ्यात ती होतात. त्यावर प्रोटीन पावडर कशासाठी? गमींमध्ये तर सहसा लोहच नसतं, साखर असते आणि खाऊसारख्या दिसत असल्याने मुलं मूठभर खातात.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना दुधात घालायच्या अशा पावडरी आणि पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. महाराष्ट्रात मात्र उलटंच घडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं (न खाणाऱ्यांना केळं) सुरू झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी बंद करून ते लोकसहभागातून द्यावं असं शाळांना सांगण्यात आलं. जिथे लोक अंडी देऊ शकतात, त्या गावांतल्या मुलांना शाळेतल्या अंड्याची गरज सर्वांत कमी असते. सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आणि बी-१२ एकत्र देणारा, भेसळ न करता येणारा पदार्थ दुसरा कोणता आहे, हे शिक्षण खात्याने सांगावं, नाहीतर निधी पुन्हा द्यावा.

आपल्यालाही एक विनंती. मुलांची उंची वाढवणाऱ्या पावडरीची जाहिरात छापताना तिच्याखाली १०० ग्रॅममागे साखर किती, एवढा एक आकडा मराठीत, वाचता येईल अशा टायपात छापण्याची अट आपण घालू शकता.

आपले,
बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांचा एक गट, पुणे