आई-बाबा, पाच महिन्यांसाठी जातेय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला गेलं की बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात आणि आई तू सरळ जेवलीस का वर येतेस, मग मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून यावेळी लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

युरोपात शिकायला जायचं माझं सिलेक्शन पक्कं झालंय, तिकडच्या युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. एकच सेमिस्टर आहे, सप्टेंबर ते जानेवारी. डिग्री आपल्याच कॉलेजची राहणार आणि तिकडची ट्यूशन फी भरायची नाही, हे बाबांसाठी परत एकदा लिहिलं. आणि बाबा तुम्ही विचारलं होतं ना की हे नवीन फॅड आहे का, तर नाही, हा इरॅस्मस कार्यक्रम, म्हणजे कॉलेजच्या मुलांना काही महिने दुसऱ्या देशात शिकायला पाठवायची युरोपची योजना, १९८७ पासून चालू आहे, पहिल्या वर्षी ११ देशांतली ३,२४४ मुलं गेली होती, तेव्हा फक्त युरोपातल्या मुलांसाठी होता, आता बाहेरच्यांनाही घेतात.

आता एक गोष्ट जी मी लपवली होती. मागच्या वर्षीही हा फॉर्म निघाला होता आणि मी तुम्हाला म्हटलं की मार्क कमी पडतायत. ते खोटं होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता, ती भिंतीला धरून चालत होती, आणि मला तुम्हाला तशा अवस्थेत सोडून जाववत नव्हतं. मी काही त्याग वगैरे केला असं मला म्हणायचं नाहीये, पण खोटं बोलले ते चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं.

यावर्षी मात्र सगळं वेळेत केलं. आधी आपल्या कॉलेजने माझं नाव पुढे पाठवलं, त्याला नॉमिनेशन म्हणतात, त्याशिवाय तिकडे अर्जच करता येत नाही. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आतापर्यंतच्या मार्कांचा कागद, दोन सरांची शिफारसपत्रं, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर (तो दोन वर्षंच चालतो, माझा अजून चालू आहे) आणि एसओपी, म्हणजे मला का जायचंय ते पत्र. त्यात मी आधी लिहिलं होतं की मला लहानपणापासून जग बघायची इच्छा आहे. मॅडमनी त्या ओळीवर पेनाने रेघ मारली आणि विचारलं, हे कोणीही लिहील, तुला तिथे नेमकं काय शिकायचंय? दोन दिवस मला उत्तरच सुचेना. मग तिकडच्या विभागाचे सगळे कोर्स वाचून काढले, तेव्हा नदीतला गाळ मोजण्याचा एक कोर्स सापडला, अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा प्रत्यक्ष पाण्यात उभं राहून, तो आपल्याकडे माझ्या विषयात नाहीच. सगळं पत्र त्यावरच लिहिलं, चार वेळा लिहिलं. मला वाटतं तिथेच माझं काम झालं.

लर्निंग ॲग्रीमेंटला सगळ्यात जास्त वेळ गेला. तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाऐवजी धरायचा ते आधीच ठरवून त्यावर माझी, आपल्या कॉलेजची आणि त्यांची अशा तिघांच्या सह्या लागतात, नाहीतर परत आल्यावर क्रेडिट अडकतात. सेमिस्टरला ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास, म्हणजे आई, मी फिरायला चाललेय असं शेजारी सांगू नकोस.

आणि सह्यांवरून बाबा, तो स्पॉन्सर लेटरचा दिवस. राहणं ९० दिवसांच्या वर म्हणून साधा टूरिस्टवाला व्हिसा चालत नाही, लाँग स्टे लागतो, आणि स्कॉलरशिप असली तरी घरचा आधार कागदावर दाखवावा लागतो. बँकेने ते पत्र दोनदा परत पाठवलं, सही जुळत नाही म्हणून. मी घरी आले तेव्हा तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सही गिरवत बसला होतात, एकाखाली एक, वीस-पंचवीस तरी असतील, आणि प्रत्येक सहीत शेवटचं वळण थरथरून खाली घसरलेलं. मला बघितल्यावर तुम्ही तो कागद उलटा केलात. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आपण जाऊन नवीन नमुना सही देऊन आलो आणि काम झालं, पण बाबा, हात किती दिवसांपासून थरथरतोय हे तुम्ही मला अजूनही सांगितलेलं नाही.

मी जायच्या आधी आपण डॉक्टरांकडे जाऊ. तारीख घेतलीय, पुढच्या शनिवारी सकाळी, नाही म्हणू नका. मागे तुम्ही बाथरूममध्ये घसरलात ते मला तीन आठवड्यांनी मावशीकडून कळलं. तिकडे असताना असं झालं तर मला नीट अभ्यास करता येणार नाही, उलट तुम्ही खरं सांगितलंत तर करता येईल, एवढं माझं ऐका. मीही खरं सांगेन, आजारी पडले तरी.

बाकी तयारी होत आली. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तरी लागते, माझी कमी पडत होती म्हणून नवीन काढून घेतला. इन्शुरन्स झाला. औषधं मूळ पाकिटातच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवतेय. आई, ती मोठी बॅग तू भरू नकोस, वाकायचं नाहीये तुला, तू फक्त खुर्चीवर बसून काय कुठे ते सांग.

रोज रात्री तुमच्या आठ वाजता फोन करत जाईन. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात आणि मी तिकडच्या त्याच वेळेला फोन करणार, त्यामुळे त्या दिवसापासून माझा फोन तुम्हाला नऊला येईल. बाबा, कॅलेंडरवर त्या रविवारी आत्ताच खूण करून ठेवा, म्हणजे आई आठ वाजल्यापासून फोनकडे बघत बसणार नाही.

तुमची,
मनू